एक चक्कर जास्त

बायथलॉन म्हणजे बायांची मॅरेथॉन नव्हे. हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं लोकांना ऐकवते आहे. आता एका पाटीवर रंगवून गळ्यात अडकवून फिरावं, म्हणजे निदान घसा तरी वाचेल.

मी पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकून घरी आले तेव्हा आमच्या चिक्कडपल्लीतल्या मराठी मंडळींनी एक हॉल घेऊन सत्कार ठेवला. मागे मोठा कापडी फलक. त्यावर माझा फोटो, फोटोत माझे डोळे मिटलेले, आणि खाली लिहिलेलं, ‘महिला मॅरेथॉनमध्ये भारतात प्रथम’. मी चिटणीसकाकांना विचारलं, हे काय? तर ते म्हणाले, "अगं, आधी ‘बायांची मॅरेथॉन’ लिहिलं होतं. पण ते बरं दिसेना, म्हणून महिला केलं." म्हणजे चूक करायची ती करायची, आणि वर तिचं शुद्धलेखन तपासून घ्यायचं!

"काका, यात बर्फावर स्कीइंग असतं आणि नेमबाजी असते," मी म्हटलं.

"दोन्ही? आणि मग पळायचं कधी?"

मी कपाळाला हात लावला आणि नारळ घेतला.

तेव्हा इथे एकदाच नीट सांगून टाकते. पायात लांब स्की अडकवायच्या, पाठीवर साडेतीन किलोची रायफल घ्यायची आणि बर्फातल्या चढउतारांवरून जीव खाऊन जायचं. छाती भात्यासारखी चालत असते, हात थरथरत असतात, आणि अशा वेळी एकदम थांबून पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या चकत्यांवर पाच गोळ्या झाडायच्या. एकदा पालथं पडून, एकदा उभ्याने. गोळी लागली की चकती पांढरी होते. नाही लागली की दंड. दंड म्हणजे बाजूलाच आखलेलं दीडशे मीटरचं वाटोळं. जितक्या चुका तितक्या चकरा मारायच्या आणि मगच पुढे निघायचं. या चकरा आपल्या आपण मोजायच्या. एक कमी मारली तर वेळेत दोन मिनिटं वाढवतात, म्हणजे शर्यत गेली. एक जास्त मारली तर कुणी काही म्हणत नाही. वेळ तुमचा जातो, तुमचं तुम्ही बघा.

हे सगळं मी शिकले हैदराबादेत, जिथे बर्फ म्हणाल तर उसाच्या रसाच्या गाड्यावर.

नारायणगुड्याच्या कॉलेजात मी एनसीसीची कॅडेट होते. परेडमध्ये माझा पाय हमखास चुकायचा, पण गोळी चुकायची नाही. आम्हाला शिकवायला एक निवृत्त फौजी यायचे. राहायला अंबरपेठला, घरात तेलुगू, आयुष्यातली पंधराएक वर्षं बर्फात काढलेली. फौजेच्या संघातून ते हाच खेळ खेळले होते. तेलुगूत ‘सर’चा ‘सार’ होतो, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना सार म्हणायचो. आईला पहिले काही दिवस वाटत होतं की मी कॉलेजातून येऊन रोज कसलं तरी सार मागते आहे.

सारांनी एकदा माझी पाच कागदी निशाणं पाहिली आणि म्हणाले, "क्या जी, भागने आता तुमकू?" मी म्हटलं, हौ. बस, तिथून माझी बारा वर्षं गेली.

बर्फ नाही तर चाकं. लांब पट्टीला पुढे एक आणि मागे एक चाक, अशा स्की असतात. त्या पायात अडकवून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन, सकाळी साडेपाचला मी रिंग रोडच्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर असायची. सार मागून लुनावर. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. एक गृहस्थ रोज विचारायचे, "अय्यो, पाव कू क्या हुआ अम्मा?" काठ्या पाहून त्यांना वाटायचं माझा अपघात झाला आहे. एकदा रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "मॅडम, बैठ जाओ, छोड देता." घरी गच्चीवर मी एअर रायफल घेऊन नेम धरायचा सराव करायची, गोळी न घालता. तरी शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळवणं घालायचं बंद केलं ते केलंच.

सारांची शिकवायची एक तऱ्हा होती. सर्व्हिस रोडवर खडूने वाटोळं आखायचं, त्यात मला पळवायचं आणि प्रत्येक चक्कर संपताना मोठ्याने आकडा म्हणायला लावायचं. मी पहिल्या दिवशी ‘वन, टू’ केलं. त्यांनी लुना थांबवली. "घर की भाषा में गिनो," ते म्हणाले, "दम निकला ना, तो दूसरी भाषा की गिनती सबसे पहले भागती." मग मी मराठीत मोजायला लागले. एक, दोन, तीन. ओठ हलले पाहिजेत, आवाज नाही निघाला तरी चालेल, पण ओठ हललेच पाहिजेत, असा नियम. ते समोर उभे राहून माझ्या ओठांकडे बघायचे. चारपाच महिन्यांत त्यांना मराठी आकडे पाठ झाले. बाकी मराठीचा गंध नाही, पण आकडे एकदम पुणेरी.

आमचं बोलणं दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत, चालायचं. घाईगर्दीत मात्र त्यांच्या तोंडून तेलुगू निघायचं आणि माझ्या तोंडून मराठी, आणि दोघांचं अडत नव्हतं.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. माझी आई नांदेडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. शेजारच्या तेलुगू घरी सत्यनारायणाचं जेवण होतं आणि हिला, नव्या नवरीला, कौतुकाने भात वाढायला लावलं. पाहुणे हात हलवत म्हणायला लागले, "चालु अम्मा, चालु!" आईला वाटलं, काय भुकेली माणसं आहेत, म्हणतात चालू राहू दे. ही वाढत सुटली. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बस. एका आजोबांच्या पानात इतका भात झाला की ते बिचारे रडकुंडीला आले. ही गोष्ट आमच्या घरात दर सणाला निघते. आई अजून लाजते, बाबा अजून हसतात. मला बाराखडी यायच्या आधी या शब्दाचे दोन अर्थ येत असणार.

बाबा कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांच्या खाली बसून चौतीस वर्षं लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या प्रत्येक कात्रणाची त्यांनी मिसल केली आहे, लाल फितीने बांधलेली, वर नंबर घातलेला. त्या मिसलीवर पहिली सहा वर्षं ‘मॅरेथॉन’ लिहिलेलं होतं. मी भांडून भांडून ते खोडायला लावलं, तर त्यांनी खोडून शेजारी सही केली आणि तारीख घातली.

मी दोनदा देशात पहिली आले. दोनदा. आणि दोन्ही वेळा पुढे काय झालं? एका ओळीचं पत्र, की यंदा महिलांचा संघ परदेशी जाणार नाही. पहिल्या वेळी मी रडले. दुसऱ्या वेळी पत्र असं काही फाडलं की बाबांना ते मिसलीत लावायला चिकटपट्टीने जोडावं लागलं. अरे, मग स्पर्धा घेता कशाला? मला फार मोठं काही नको होतं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, बाहेरच्या देशातल्या बर्फावर, पाठीवर आपल्या देशाचं नाव लावून उभं राहायचं होतं. शेवटून पहिली आले असते तरी चाललं असतं. पण निघायला तर मिळायला हवं! बाकीच्या मुली डोंगरातल्या, घराच्या मागच्या उतारावर शिकलेल्या. मी डांबरावर चाकं घासून त्यांना हरवत होते, आणि हरवून घरी येऊन बसत होते. चिडचिड होणार नाही तर काय होणार?

तिसऱ्या वर्षी पत्र उलटं आलं. संघ जाणार, महिलांमधून एक जागा, जी पहिली येईल ती. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. डावा गुडघा सकाळी कुरकुरायला लागला होता. आता नाही तर कधीच नाही, हे मलाही माहीत होतं आणि सारांनाही. ते फक्त म्हणाले, "परेशान नक्को हो. गिनती करो, सांस लो, बस."

काश्मीरात त्या दिवशी बारीक बर्फ पडत होता. ज्या मुलीची मला धास्ती होती ती माझ्यामागून सुटणार होती. या शर्यतीत सगळ्या एकदम निघत नाहीत, एकेक करून सोडतात आणि शेवटी वेळ लावून बघतात, त्यामुळे कोण पुढे आहे हे डोळ्यांना कळत नाही. पहिली फेरी झकास गेली. पालथं पडून पाचही चकत्या पांढऱ्या केल्या. दुसरी फेरी जड गेली, पण गेली. मग उभ्याने नेम. पहिली लागली, दुसरी लागली, तिसरी गेली बाजूने. चौथी लागली. पाचवीला मी घाई केली आणि तीही गेली. दोन चुका, दोन चकरा.

मी वाटोळ्यात शिरले. त्या वाटोळ्याच्या तोंडाशी दोराच्या पलीकडे सार उभे. मी चकरा मारून तोंडाशी आले. आणि सार दोन्ही हात हलवत जिवाच्या आकांताने ओरडले, "चालु! चालु!"

मी डावीकडे वळले आणि आणखी एक चक्कर मारली.

मग शेवटची फेरी संपवली आणि निकाल लागला. अकरा सेकंदांनी दुसरी. मला एका चकरेला पस्तीस सेकंद लागायची. हे गणित दुसरीतल्या पोराला येईल.

मी स्की काढल्या आणि सगळ्यांसमोर सारांवर तुटून पडले. तोंडाचा पट्टा सोडला म्हणतात ना, तो सोडला. "मराठी मुलीला चालु म्हणता? भर शर्यतीत? मला काय कळणार? बस म्हणायला काय झालं होतं? बस तरी सगळ्या भाषांत एक आहे!" डोंगरातल्या मुली, त्यांचे कोच, स्पर्धेचे अधिकारी, सगळे बघत होते. सार कानटोपी हातात घेऊन उभे राहिले. केसांवर बर्फ पडत होता. ते एवढंच म्हणाले, "हौ, गलती होगई."

परत आल्यावर त्यांनी राज्याच्या क्रीडा मंडळाला पत्र लिहिलं, की चुकीची सूचना मी दिली, खेळाडूचा दोष नाही, आणि ही जबाबदारी मी सोडतो आहे. त्याची प्रत मला आली. मी ती वाचली, बाबांकडे दिली, बाबांनी मिसलीत लावली. अंबरपेठ आमच्या घरापासून असं काय लांब आहे? पण गेले नाही.

खेळलेही नाही परत. का, असं कुणी विचारलं की कारणं तयार होती. गुडघा. कोच नाही. नोकरी. नारायणगुड्यात एका शाळेत मी पीटी टीचर झाले. सकाळच्या प्रार्थनेला मुलांच्या रांगा सरळ करायच्या आणि स्नेहसंमेलनाला डंबेल्स बसवायच्या. आमच्याकडे शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुली मराठी वाचतच नाहीत, बोलतात ते असं, "मिस, ते मॅरेथॉनवाली स्टोरी बोलो ना प्लीज." मी म्हणते, मॅरेथॉन नव्हे गं बाई. त्या म्हणतात, सेमच ना मिस.

आणि ती स्टोरी मी सांगायचे. शाळेत, मंडळात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. आधी रागाने सांगायचे. मग लक्षात आलं की लोक हसतात. हैदराबादच्या मराठी माणसाला तर ही गोष्ट म्हणजे पर्वणी, कारण प्रत्येकाचा या शब्दाने कधी ना कधी पोपट झालेला. मग मी ती घोळवून घोळवून सांगायला लागले. आधी आईच्या भाताची गोष्ट, मग बर्फ, मग सारांची नक्कल, दोन्ही हात हलवत, "चालु! चालु!" आणि मग मी डावीकडे वळून दाखवायची. हमखास टाळ्या. तीन वर्षांत माझ्या दोन पदकांबद्दल कुणी विचारलं नसेल, पण न मिळालेल्या पदकाची गोष्ट चिक्कडपल्लीत पोराबाळांना पाठ आहे. मला आतून याचा संतापही यायचा. पण सांगायला बोलावलं की जायचेच.

यंदाच्या महिला दिनालाही गेले. फलकावर या वेळी ‘बायथलॉन’ बरोबर लिहिलं होतं. पंधरा वर्षांनी का होईना! मी गोष्ट सांगितली, लोक खो खो हसले, बाबा पहिल्या रांगेत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, मार्च महिन्यात. ते हसले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो. उन्हं अजून उतरली नव्हती. बाजारात गर्दी होती, भाजीवाल्या हाका मारत होत्या. बाबा फुलवालीपाशी थांबले, आईसाठी गजरा घ्यायला. ती गजरा हातावर मोजत होती आणि तिच्याकडे बघत बाबा मला म्हणाले, "एक सांग. तो ओरडला, ते ठीक. तू किती मोजल्या होत्यास?"

"अहो बाबा, तेव्हा श्वास लागलेला असतो, डोक्यात रक्त..."

"ते मी विचारलं नाही. तू मोजायचीस ना, मराठीत? गच्चीवरसुद्धा पुटपुटत असायचीस. त्या दिवशी किती मोजल्या?"

"त्या गडबडीत कुणाला काय ऐकू येतं! आणि त्यांनी जर बस म्हटलं असतं ना..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. विचारलं एक आणि माणूस सांगायला लागला दुसरं, की ते लेखणी थांबवून असे बघायचे.

"दोन," मी म्हटलं.

"हौ," बाबा म्हणाले. त्यांनी गजरा घेतला, पानात बांधून घेतला, आणि आम्ही घरी गेलो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दोन. मी मोजल्या होत्या. ओठ हलवून, नियमाप्रमाणे, एक आणि दोन. वाटोळ्याच्या तोंडाशी आले तेव्हा माझ्या ओठांवर ‘दोन’ होतं. आणि त्याच क्षणी मनात आलं, की खरंच दोन? एक तर राहिली नाही ना? राहिली असली तर दोन मिनिटं, म्हणजे गेलीच ती जागा, गेलं ते सगळं. बारा वर्षं ज्या आकड्यांवर काढली त्यांच्यावरच माझा विश्वास बसेना. तेवढ्यात सार ओरडले. मला तो शब्द बरोबर कळला होता. कसा कळणार नाही? या गावात जन्मले मी. सारांच्या तोंडून तो शब्द मी हजारदा ऐकला होता, चहा ओतताना, सराव थांबवताना, आणि एकदाही गोंधळले नव्हते. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ हाताशी होता. तो मी उचलला. मला खात्री नाही म्हणून वळले, असं म्हणावं लागण्यापेक्षा त्यांनी सांगितलं म्हणून वळले, हे बरं होतं. आणि हे मी नंतर नाही ठरवलं. वळता वळताच ठरवलं. एवढं कळत होतं, तर पाय का नाही आवरले? याचा मला आजही इतका राग येतो की भांडं आपटावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंबरपेठला गेले. सारांचं घर तेच, दारात तीच लुना, गंजलेली. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून त्यांनी चष्मा वर केला आणि त्यांच्या बायकोने आतूनच ये म्हणून हाक मारली, "रा अम्मा, रा!" जणू मी परवाच येऊन गेले होते. तीन वर्षांत एक फोन नाही केलेला मी.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं. "सार, दोनच झाल्या होत्या. मेरेकू मालूम था. आपका चालु मतलब बस, वो भी समझी मैं."

ते शेंग सोलत राहिले. दाणे वाटीत टाकले. मग म्हणाले, "मालूम."

"आपकू कैसे मालूम?"

"होंठ देखा ना मैं. एक. दोन." त्यांनी तेच पुणेरी आकडे म्हटले. "तुम्हारा दोन मेरेकू अच्छा आता."

मला असा काही संताप आला! माझ्यावर यायला हवा होता, पण आला त्यांच्यावरच. म्हणजे तिथे बर्फात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मी वाट्टेल ते बोलत होते, तेव्हा यांना माहीत होतं? "तो फिर चिठ्ठी क्यों लिखे? कैकू लिये सर पे?"

सारांनी वाटी खाली ठेवली. ते कधी लांबलचक बोलत नाहीत. त्या दिवशी जरा बोलले. म्हणाले, कोच चुकला म्हटलं की दुसरा कोच मिळतो. पण आपलीच मोजणी चुकते असं एकदा खेळाडूच्या मनाने घेतलं की त्याला औषध नाही, तो पुन्हा त्या वाटोळ्यात शिरू शकत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की खापर आपल्यावर फुटू द्यावं. "मैं सोचा, मेरे पे गुस्सा रहेगी तो अगले साल आके दिखाएगी." आणि मग कुणाला दोष न देता, पाऊस आला नाही असं सांगावं तसं म्हणाले, "तुम आएच नहीं."

त्यांनी माझी मोजणी वाचवली होती आणि मी ती गोष्टी सांगण्यात घालवली. राग होता माझ्याकडे, भरपूर होता, तीन हिवाळे पुरेल इतका. तो मी बर्फावर नेला नाही, लग्नाच्या पंगतीत नेला. बोट दाखवायला कुणीतरी होतं, मग पुन्हा उभं राहून स्वतःला तपासायची गरजच काय? आता गुडघा खरंच गेला आहे. डॉक्टर म्हणतात जिने जपून चढा. सारांना मी हे सांगितलं नाही, पण मी ओट्याची पायरी कशी चढले ते त्यांनी पाहिलं असणार. ते सगळं बघतात.

त्यांच्या बायकोने चिंचेचा भात आणला. मला समोर बसवलं, पानात वाढायला लागली. मोहरीचा आणि शेंगदाण्याचा वास आला आणि लक्षात आलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. पण सार समोर बसून माझ्याकडे बघत होते. तिने दुसरा डाव उचलला तसा मी पानावर हात धरला.

"चालु अम्मा," मी म्हटलं, "चालु."

तिने लगेच डाव मागे घेतला आणि भांड्यावर झाकण ठेवलं. त्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ आहे. भात मला अजून हवा होता.